आक्काची चकती

दिव्याभोवती वलय दिसतं, ही गोष्ट पहिल्यांदा काढली ती दत्तानं. भाऊबीज होती. तो पाटावर बसला होता, डोक्यावर रुमाल, कपाळाला ओला टिळा, आणि कांचनआक्का त्याच्यासमोर ताट फिरवत होती. ताट फिरत असतानाच तो म्हणाला की निरांजनाभोवती गोल तेज दिसतंय, देवाच्या तसबिरीत असतं तसं. आक्का म्हणाली, लांबचा प्रवास झालाय तुझा, जेव आणि आडवा हो. पण शेजारच्या पाटावरच्या माणसानं ते ऐकलं. त्यानं डोळे बारीक करून बघितलं, तर त्यालाही दिसलं. मग त्याच्या पलीकडच्याला. झालं! विट्यात बातमी पसरायला एवढं पुरे होतं.

पुढच्या भाऊबीजेपर्यंत आक्काच्या दिव्याचं वलय दिसणं ही मानाची गोष्ट होऊन बसली. ज्याला दिसायचं तो मिशांवर ताव देत मागं बघायचा. ज्याला दिसायचं नाही तो खट्टू होऊन जेवायला बसायचा आणि बाकीचे त्याची टर उडवायचे, की सोन्यात पितळ मिसळलं असशील म्हणून देव रुसलाय. तिसऱ्या वर्षी काहीजण सांगू लागले की वलय वाढतंय, सगळीकडं पसरतंय. आक्का वरवर रागवायची, असलं काही बोलू नका म्हणायची. पण मनातून तिला फार बरं वाटायचं.

का नाही वाटणार? नवऱ्यानं टाकलेली बाई ती. लग्नानंतर वर्षभरात कपड्यांच्या पिशवीसकट माहेरी परत आली तेव्हा गल्लीतल्या बायका नळावर तिला आधी पाणी भरू देत नसत. आता त्याच गल्लीत दिवाळीला गाड्या लावायला जागा मिळत नव्हती. मदुराईहून, कोइमतूरहून, पार गुवाहाटीहून माणसं येत, तिच्या पाया पडत आणि तिला आक्का म्हणत. बायका संक्रांतीला यायच्या, वाण घेऊन. पुरुषांची भाऊबीज.

हे एवढे भाऊ आले कुठून, ते सांगायला हवं. विटा, खानापूर, आटपाडी या भागातली माणसं पिढ्यानपिढ्या गलाईच्या धंद्यात. सोनारांकडची झाडलोट आणि जुने मोडके दागिने आणायचे, तेजाबात विरघळवायचे, भट्टीत आटवायचे आणि चोख सोनं-चांदी वेगळी काढायची, हा तो धंदा. देशात कुठंही सराफकट्टा असला की त्याच्या मागच्या बोळात आपल्या गावचा एक गलाईवाला असणारच. आता यंत्रं आली, धूर ओढून घेणारे पंखे आले, तरी तेजाब ते तेजाबच. ते हातावर उडालं तर कातडी परत येते. डोळ्यात उडालं तर काय होतं, ते दत्तानं सोसलं होतं. मदुराईत त्याच्या तोंडासमोर बरणी तडकली आणि दोन्ही डोळे गेले. महिनाभरात दोन्ही बुबुळांवर पांढरंफटक फूल पडलं.

डोळ्याच्या काळ्या भागावर एक पारदर्शक काच असते. डॉक्टर तिला पारपटल म्हणतात, आपण बुबुळच म्हणतो. या काचेचा वरचा थर सारखा झिजतो आणि सारखा नवा येतो. तो येतो कुठून? तर काळ्या आणि पांढऱ्याच्या सीमेवर एक बारीकशी कड आहे, तिथं मूळपेशींचा वाफा असतो. भाताची रोपं जशी एका वाफ्यात तयार करून शेतभर लावतात, तसं त्या कडेला तयार झालेल्या पेशी मध्याकडं सरकत राहतात आणि काच स्वच्छ ठेवतात. तेजाबानं हा वाफाच जळतो. मग पांढऱ्या भागातल्या शिरा आणि पडदे काचेवर चढून येतात. अशा डोळ्याला मेलेल्या माणसाचं बुबुळ बसवून फायदा नाही; काच नवी आली तरी तिला राखणारं कोणी नाही, वर्षभरात पुन्हा फूल. आधी वाफा लावायला लागतो. एक डोळा चांगला असला तर त्यातली चिमूटभर कड घेता येते. दोन्ही गेले असले तर नात्यातल्या कोणाची तरी. आणि ती परकी कड शरीरानं झिडकारू नये म्हणून जन्मभर गोळ्या, ज्यांनी डोळा राहतो आणि मूत्रपिंड जातं.

दत्तासाठी कड दिली त्याच्या सख्ख्या बहिणीनं, कांचननं. मिरजेच्या डॉक्टर सरोद्यांनी तिच्या डोळ्यातून तांदळाच्या कणीएवढा तुकडा घेतला आणि दत्ताच्या दोन्ही डोळ्यांत लावला. दत्ता बघायला लागला. पुढं या पठ्ठ्यानं कंटाळा आला म्हणून गोळ्या बंद केल्या आणि कोणाला सांगितलंही नाही. वर्षानंतर सरोद्यांना कळलं तेव्हा ते संतापले, मग त्यांनी त्याचे डोळे पुन्हा पुन्हा तपासले. डोळे काचेसारखे स्वच्छ होते. कांचनच्या पेशी परक्या आहेत, हे दत्ताच्या शरीराला कळलंच नव्हतं. भावाचं शरीर म्हणून असेल, असं वाटून त्यांनी प्रयोगशाळेत शंभर परक्या रक्तांसमोर त्या ठेवून बघितल्या. एकानंही त्यांच्यावर हल्ला केला नाही.

मग एक मोठी कंपनी आली. आक्काच्या पेशी वाढवायच्या, चरबीसारख्या मऊ, पारदर्शक जेलीच्या चकतीच्या काठानं त्यांचा वाफा छापायचा आणि ती चकती बुबुळाच्या जागी बसवायची. बसवताना जुना जळका वाफा मुळासकट खरवडून काढायचा, म्हणजे दोन वाफ्यांची भांडणं नकोत. तासाभराचं काम. गोळ्या नाहीत, वाट बघणं नाही. कंपनीनं तिला भलंथोरलं नाव दिलं होतं. आपल्याकडं सगळे तिला आक्काची चकती म्हणत. दहा-बारा वर्षांत ती जगभर गेली. मेलेल्या माणसाच्या बुबुळांची कोणाला गरज उरली नाही. नेत्रदानाच्या पाट्या उतरल्या, नेत्रपेढ्या एकामागून एक बंद झाल्या आणि मयताच्या घरी जाऊन हात जोडून डोळे मागणारी माणसं दुसऱ्या कामांना लागली. त्याचं कोणाला वाईट वाटलं नाही.

यंदा वसुबारसेच्या संध्याकाळी आक्कानं देवापुढं समई लावली आणि तिला समईभोवती वलय दिसलं. पहिल्यांदा. ती तिथंच बसून रडली. इतकी वर्षं भाऊ विचारायचे, आक्का, तुम्हाला तर केवढं दिसत असेल, आणि ती हो म्हणून वेळ मारून न्यायची. खरं तर तिला कधीच काही दिसलं नव्हतं. आपल्याच घरचा प्रसाद आपल्याला सोडून गावाला वाटला जातोय, असं तिला मनात खात होतं. आता दिसलं. तिनं शेजारच्या नंदाला हाक मारून सांगितलं, नंदानं साखर आणली.

दुसऱ्या दिवशी ती वाचायचा चष्मा बदलायला पेठेतल्या दुकानात गेली. तिथल्या मुलीनं तिची हनुवटी यंत्रावर टेकवली, बराच वेळ बघितलं आणि विचारलं की काकू, डोळ्याला कधी काही लागलं होतं का. आत पांढरे कण दिसतात, रवा सांडल्यासारखे. त्या मुलीला ही बाई कोण ते माहीत नव्हतं. तिनं आपलं नियमाप्रमाणे चित्र काढून मिरजेच्या मोठ्या दवाखान्याला पाठवून दिलं. संध्याकाळी डॉक्टर सरोदे स्वतः गाडी घेऊन विट्याला आले.

ते आता साठीचे झाले होते. आक्कानं केलेला चहा त्यांनी घेतला नाही. चित्र बघताच त्यांनी तिच्या जनुकांची जुनी नोंद काढून पडताळली होती. त्यांनी सांगितलं ते असं. आक्काच्या एका जनुकात खोट आहे. त्या खोटीमुळं तिच्या वाफ्यातल्या पेशी एक प्रथिन वेडंवाकडं बनवतात, ते काचेत साठत जातं आणि त्याचे कण होतात. कणांवर उजेड फुटतो, म्हणून दिव्याला वलय दिसतं. पुढं कण एकमेकांना मिळतात, मग धुकं, मग उजेड-अंधार तेवढा. चकती काढताना, तोवर माहीत असलेले सगळे दोष त्यांनी तपासले होते. हा दोष तेव्हा जगात कोणालाच माहीत नव्हता, तो अलीकडंच सापडला. तिच्या स्वतःच्या डोळ्यात तो उमलायला उभं आयुष्य गेलं. पण भाजलेल्या, कापलेल्या डोळ्यात तो झपाट्यानं वाढतो, आणि प्रयोगशाळेत वाढवून वाढवून दमलेल्या पेशी तर आणखीनच लवकर खराब होतात.

आक्काला प्रथिन कळलं नाही, पण वलय कळलं. तिनं विचारलं, "म्हणजे दत्ताला जे दिसत होतं ते हेच?"

"हेच," सरोदे म्हणाले.

लेझरनं वरचा थर घासून काढता येईल का, असं तिनं विचारलं. इतकी वर्षं डॉक्टरांत वावरून तिला एवढं ठाऊक होतं. घासता येईल, पण कण करणारा वाफा तोच, ते परत येणार आणि आधीपेक्षा लवकर. बुबुळ बदललं तर? त्यावरही तेच पीक. ज्याचा डोळा वाचवायचा असेल त्याचा हा वाफा काढून तिथं रक्ताच्या माणसाची कड लावायला हवी, गोळ्यांसकट, पूर्वीसारखी. आणि त्यावर बुबुळ. आणि बुबुळं आणायची कुठून? पेढ्याच राहिल्या नाहीत.

मग इतकी वर्षं कोणाच्या लक्षात कसं आलं नाही, हे आक्काला समजेना. सरोदे जमिनीकडं बघत म्हणाले, "आम्ही जुन्या लोकांना तपासणीला बोलावतो, कांचनताई. परगावचे परगावी, परदेशातले तर त्याहून लांब, त्यांची खबर आम्हाला उशिरा लागते. आणि आपले इथले येतच नाहीत. फोनवर सांगतात, आम्हाला छान दिसतं, आता तर आक्काच्या दिव्याचं वलयसुद्धा दिसायला लागलंय. आमच्या लोकांनी ते श्रद्धेचं समजून सोडून दिलं. मीही सोडून दिलं."

तिनं तीन वर्षं त्या वलयाचं कौतुक करून घेतलं होतं. ज्यांना दिसत नाही त्यांच्या पाठीवरून हात फिरवून, दिसेल हो तुलाही, असं म्हटलं होतं. ते बोलणं आता तिच्या कानात घुमू लागलं आणि तिला स्वतःची किळस आली.

नव्या चकत्या बसवणं थांबवा, एवढंच ती म्हणाली. सरोदे म्हणाले, कंपनीची बैठक दिवाळीनंतर आहे. एका माणसाच्या डोळ्यावरून ते थांबवणार नाहीत, जुन्या पेशंटांचे डोळे तपासून पुरावा द्यावा लागेल, त्याला काही महिने जातील. तोवर तिनं तोंड उघडू नये. दंगा होईल, आणि घाबरलेल्या माणसांना द्यायला हातात काहीच नाही. वाईट माणूस नव्हता तो. घाबरला होता.

ते गेल्यावर आक्काच्या डोक्यात एकच नाव घोळत राहिलं. स्वराज बाबर. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मिरजेत त्याला चकती बसणार होती.

स्वराज खानापूरचा, सत्तावीस-अठ्ठावीसचा. कोइमतूरच्या दुकानात तेजाब उडून उजवा डोळा पूर्ण गेलेला, डाव्याला थोडं भाजलेलं. डाव्यातला वाफा अर्धाच उरला होता, त्यातून कड काढायची सोय नव्हती. दिसायचं मात्र त्या डोळ्यानं बऱ्यापैकी. त्याची धाकटी बहीण शर्वरी आपली कड द्यायला एका पायावर तयार होती. पण तिचं लग्न ठरत होतं, आणि सासरच्यांना कळलं तर काय म्हणतील, असं घरच्यांना वाटत होतं. आणि स्वराजला वाटत होतं, चकती आयती मिळत असताना सख्ख्या बहिणीच्या डोळ्याला कशाला हात लावायचा. आक्का आहेच की. आता मिरजेत उजव्या डोळ्यातलं उरलंसुरलं खरवडून तिथं आक्काचा वाफा लावला की संपलं. लगेच डाव्यालाही बसवून घेऊ, असा त्याचा बेत होता.

आक्कानं त्याला फोन केला. सरळच सांगितलं की बाबा, माझ्या डोळ्यात रोग निघालाय, चकती घेऊ नकोस, शर्वरीची कड घे. पलीकडं स्वराज हसला. म्हणाला, आक्का, तुम्ही सगळ्यांची अशीच परीक्षा बघता होय? तुम्हाला वलय दिसलं ते सांगितलंय नंदाकाकूंनी, गावभर झालंय. ती पोटतिडकीनं बोलत राहिली तसा त्याचा आवाज उतरला. आपल्याला आक्का नको म्हणतेय, एवढाच अर्थ त्यानं घेतला. म्हणाला, आमचं काही चुकलं असलं तर पायाशी येऊन माफी मागतो, पण भावातनं काढू नका. आक्कानं फोन ठेवला. आपल्या बोलण्याला आता काडीची किंमत उरलेली नाही, हे तिच्या ध्यानात आलं. तिनं खरं सांगितलं तर तो तिचा नम्रपणा, पुन्हा सांगितलं तर परीक्षा.

धनत्रयोदशीची सराफांची धांदल आटोपून दत्ता पाडव्याला आला. नेहमीसारखा एकटा नाही, दुकानातल्या माणसाला बरोबर घेऊन. दारातून आत येताना त्यानं चौकटीला हात लावला. आक्कानं त्याच्यासमोर बोटं धरली नाहीत, तेवढा धीर तिला झाला नाही. पण दिसतं का रे नीट, असं विचारलं. तो म्हणाला, लख्ख. आणि लगेच मदुराईच्या पावसाचं काहीतरी बोलायला लागला. चहाचा कप तिनं त्याच्या हातातच दिला. रात्री जेवताना तिनं त्याला सगळं सांगायला सुरुवात केली. तो म्हणाला, डॉक्टर लोकांचं काय, उद्याचा दिवस चांगला जाऊ दे. आणि उठून हात धुवायला गेला, भिंतीच्या कडेकडेनं.

भाऊबीज नेहमीसारखी मंगल कार्यालयात. पहिल्या रांगेत पाट मांडलेले, भोवती रांगोळी. पहिला मान दत्ताचा, मग ज्यांना सगळ्यात आधी चकती बसली ते जुने भाऊ, आणि रांगेच्या टोकाला ज्याला यंदा बसायची तो. तिथं स्वराज बसला होता, उजव्या डोळ्यावर पट्टी, नवा शर्ट. मागं खुर्च्यांवर बाकीचे. ओवाळणीत पैसे घालायची पद्धत इथं नव्हती. आपापल्या भट्टीत आटवलेला चांदीचा एक मणी प्रत्येकानं आणायचा आणि ताटात टाकायचा. बरेचजण घरच्या बहिणीकडं संध्याकाळी जायचे, आधी आक्का.

नंदा ताट सजवून उभी होती. आक्कानं दत्ताला टिळा लावला, अक्षता लावल्या, सुपारी आणि अंगठी त्याच्या तोंडावरून फिरवली. मग नंदानं निरांजन लावून ताट तिच्या हातात दिलं. ती फिरवणार तेवढ्यात डोक्यावरचा मोठा पंखा कोणीतरी सुरू केला आणि वाऱ्यासरशी दिवा शांत झाला. नंदा चुकचुकली आणि काडेपेटी काढायला गेली. आक्काचे हात सवयीनं एक फेरा फिरले.

"दिसलं आक्के," दत्ता म्हणाला. "लई मोठं वलय हाय औंदा."

आक्काचे हात जागच्या जागी थांबले. नंदाची काडी ओढायची राहून गेली. आक्का भावाच्या डोळ्यांकडं बघत राहिली. दोन्ही बुबुळांवर पेजेसारखा पांढुरका थर होता, आणि त्याचं तोंड ताटाकडं नव्हतं, ताट मघाशी जिथं होतं तिकडं होतं. तिनं हात जरासा हलवला. बांगड्या वाजल्या, तसं त्याचं तोंड आवाजाकडं वळलं आणि तो हसला. तिथंच ताट टाकून त्याच्या गळ्यात पडावं असं तिला वाटलं.

ती पडली नाही. नंदानं पुढं केलेली काडेपेटी तिनं मानेनंच नको म्हटली आणि विझलेलं निरांजन घेऊन शेजारच्या पाटासमोर गेली. तिथं सेलमचे महादेव जाधव होते, अगदी पहिल्या वर्षी चकती बसलेले. तिनं टिळा लावला, ताट फिरवलं आणि विचारलं, दिसतं का. महादेवरावांनी हात जोडले. म्हणाले, "दिसतंय की आक्का. डोळं दिपत्यात."

पुढचा माणूस घुटमळला, म्हणाला थोडं थोडं दिसतंय. त्याच्या पुढच्यानं एकदम मान डोलावली. त्याच्या पुढच्यानं तोंड उघडलं, आक्काकडं बघितलं आणि मिटलं. त्याला दिवा विझलेला दिसला होता आणि काय बोलावं ते सुचत नव्हतं. खुर्च्यांवरची कुजबुज बंद झाली. ज्यांना दिसत होतं ते ताटाकडं बघत होते, ज्यांना दिसत नव्हतं त्यांना सगळे का गप्प झाले ते समजत नव्हतं. पुढचा एकजण तेवढ्यात मोठ्यानं म्हणाला, मलाबी दिसलं बरं का. कोणी हसलं नाही.

आक्का स्वराजसमोर येऊन बसली. त्याला टिळा लावला नाही. ताट त्याच्या डाव्या डोळ्यासमोर धरलं आणि विचारलं, "काय दिसतं?"

"दिवा शांत झालाय, आक्का."

"कधीपास्नं?"

स्वराजनं रांगेकडं बघितलं. एकेक चेहरा बघत तो दत्तापर्यंत गेला आणि परत आला. "दत्ताअण्णांना ओवाळत होता तवापास्नं," तो म्हणाला.

मग आक्का उठली आणि तिनं सगळ्यांना सांगितलं. मोठ्यानं बोलायची तिला सवय नव्हती, तरी शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेलं. की हे वलय देवाचं नाही, रोगाचं आहे. तो माझ्या डोळ्यात जन्मापासून होता आणि तुमच्या डोळ्यात माझ्यामुळं आला. की मला आता तो दिसायला लागलाय, तुम्हाला माझ्या आधी दिसला. की मी त्याची हौस करून घेतली. ज्याला रक्ताचं कोणी असेल त्यानं आज त्याच्याकडं जावं, आणि सगळ्यांनी उद्या डॉक्टरांच्या दारात जाऊन बसावं, त्यांनी नाही म्हटलं तरी उठू नये.

त्यानंतर जे झालं ते दंगाच. कोणी म्हणालं, आक्काला कोणीतरी फितवलंय. कोणी तिथंच डोकं धरून बसलं. एक माणूस पोराला फोन लावून, मला घ्यायला ये, एवढंच परत परत सांगत होता. महादेवराव पाटावरून उठले नव्हते. त्यांनी चाचपडत ताटापर्यंत हात आणला, निरांजनात बोट घातलं आणि गार तूप बोटाला लागल्यावर ते बोट तसंच धरून बसून राहिले.

स्वराज उभा राहिला. खिशातला चांदीचा मणी त्याच्या मुठीत होता, तो ताटात टाकावा की नाही हे त्याला समजत नव्हतं. आक्का म्हणाली, "तुझ्या बहिणीला दे. पाट मांडून बसली असंल ती." तो वाकून नमस्कार करायला आला, तिनं पाय मागं घेतले. तो दारातून बाहेर पडताना फोनवर शर्वरीचं नाव घेत होता. दुसऱ्या कोणाचं आता काय करता येईल, हे तिला माहीत नव्हतं. या एकाचं एवढं झालं.

हळूहळू कार्यालय रिकामं झालं. मागच्या बाजूला बासुंदीची पातेली झाकलेली तशीच होती. दत्ता मात्र पाटावरच बसून होता, डोक्यावरचा रुमालसुद्धा त्यानं काढला नव्हता. आक्का त्याच्यासमोर जाऊन बसली.

"दिवा नव्हताच का गं?" त्यानं विचारलं.

"नव्हता."

"मला वाटलं, तुला न्हाई कळलं तर बरं. दुसरं काय होतं तुला आमच्याबिगर?"

किती दिसतं, असं तिनं विचारलं. त्यानं सांगितलं की उजेड कळतो, माणूस कळत नाही. गेल्या दिवाळीतच तिचा चेहरा त्याला दिसला नव्हता. आक्का तोंडाला पदर लावून रडली, आवाज न करता, म्हणजे त्याला कळू नये म्हणून. आणि त्याला कळलं. त्यानं हात पुढं करून तिचा खांदा शोधला.

मग तिनं काडी ओढली आणि निरांजन लावलं. दत्तानं काडीचा आवाज ऐकला, तरी त्याला खात्री वाटेना. तिनं त्याचा हात धरून ज्योतीजवळ नेला आणि बोटांना धग लागेपर्यंत तसाच धरला. हां, आता हाय, असं तो म्हणाला आणि नीट मांडी घालून बसला. तिनं ताट उचललं आणि त्याला ओवाळलं, एक, दोन, तीन फेरे, नेहमीसारखे. ज्योतीभोवतीचं गोल तेज वसुबारसेपेक्षा वाढलं होतं. त्यातून दत्ताचा चेहरा तिला कडेकडेनं पुसट दिसत होता.

"तुला दिसतंय का गं वलय?" त्यानं विचारलं.

"दिसतंय," आक्का म्हणाली.